बजाच्या मळ्यातली रजा

१८ फेब्रुवारी १९७४, सोमवार

तांदुळजाचा अख्खा वाफा उपटला! तण समजून! सकाळभर खाली मान घालून, घाम गाळून, एक काडी मागं ठेवली नाही. बांधावर ढीग रचला आणि बजाला हाक मारली – ये, बघ, रान कसं आरशासारखं केलंय!

ती आली. ढिगाकडं बघितलं, वाफ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता शिव्या. तर ती मटकन बांधावरच बसली आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना. 'अवो, आठवड्यातनं दोनदा खाता की ही भाजी!' खातो. पण ताटात. मातीत उभी असलेली कधी बघितली होती मी?

हसताना दिसलं – तिचा डावीकडचा एक दात नाही. दाढेच्या अलीकडचा. कधी पडला? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि नवऱ्याला ठाऊक नाही!

म्हणून ही डायरी काढली. गिरणीच्या पतपेढीकडून दर साली मिळते, दर साली कुणाला तरी देऊन टाकतो. लिहिण्यासारखं काय होतं? कापड विणायचा साचा, भोंगा, खोली. पंधरा दिवसांतून एकदा एस.टी. धरायची, मंद्रूपच्या पुढं आमच्या वस्तीवर यायचं, एक मुक्काम, परत सोलापूर. ही दोन एकर, ही भाजी, ही बाई – सगळं पाहुण्यासारखं बघितलं. आता काविळीनं तीन महिन्यांची रजा दिलीय, पंधरा एप्रिलपर्यंत. डॉक्टर म्हणाले, गावाकडं जा, ताक प्या, पडून राहा. ताक पितो. पडून राहणं काही जमेना!

१९ फेब्रुवारी, मंगळवार

दाताचं विचारलं. म्हणाली, 'सोनाच्या वक्ताला पडला.' सोना म्हणजे आमची लेक. तिलाच आता दोन लेकरं आहेत, मंगळवेढ्याला.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पाण्याची पाळी. विहीर आमच्यात आणि शेजारच्या चनबसप्पात सामाईक, इंजिन त्याचं. मंगळवार-शुक्रवार आमचे. बजा म्हणाली, आज दारं तुमी धरा. म्हणजे पाटातून पाणी आलं की वाफ्याचं तोंड फोडायचं, वाफा भरला की मातीनं बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. चार साचे एकटा सांभाळणाऱ्या माणसाला हे काय अवघड!

पाणी माणसाचं ऐकत नाही. एक तोंड बुजवतोय तोवर दुसरं फुटलं. तिकडं धावलो तर चप्पल चिखलात राहिली आणि मी पुढं – तोंडावर! मेथीत! चनबसप्पा त्याच्या बांधावरून ओरडला, 'ओ पावणं! बरोबर हाय! मेथी अशीच चाखून बघायची असती!' तो मला पावणंच म्हणतो. मग बायकोला कानडीत काहीतरी सांगितलं आणि दोघं पोट धरून हसली. हसू देत. मीही हसलो, नाकात चिखल होता तरी.

बजा लांबून ओरडत होती – डावीकडं, डावीकडं! साच्यांच्या खडखडाटानं माझे कान अर्धे गेलेत, त्यामुळं तिला सगळंच ओरडून सांगावं लागतं. 'गरम पाणी काढलंय, पाठ चोळून देते, या' – हे आज आसपासच्या चार रानांनी ऐकलं!

शेवटचे तीन वाफे मात्र नीट भरले. पाणी मुरताना मातीतून बारीक बुडबुडे येतात आणि एक वास येतो – लिहिता येत नाही. तिथंच उकिडवा बसून राहिलो. जेवताना दोन भाकरी जास्त गेल्या.

२७ फेब्रुवारी, बुधवार

आज मोठा पराक्रम केला – म्हणजे मला तसं वाटलं. खताची टंचाई आहे, सोसायटीपुढं ही रांग! मीही उभा राहिलो आणि युरियाची एक गोणी मिळवली. गाडीत घालून मिरवत आणली.

बजानं गोणीला हातही लावला नाही. 'हे मिठावाणी काय हाय?'

म्हटलं, खत! आठ दिवसांत झाड हातभर वाढतं.

'झाडाला घाई हाय, का तुमाला?'

मग माझा हात धरला – भर दिवसा, चनबसप्पाच्या देखत! – आणि उकिरड्याकडं नेलं. शेण, पालापाचोळा, चुलीतली राख, बैलांनी टाकलेली वैरण, वर्षभराचे थरावर थर. फावड्यानं वरचा थर ओढला आणि म्हणाली, घाला हात आत. कोपरापर्यंत घातला. गरम! तव्यावरून नुकत्या काढलेल्या भाकरीसारखं गरम! मी ओरडलोच.

'जित्तं हाय ते,' ती म्हणाली. 'माज्या भाजीला ह्येच लागतं. वांग्याला निंबोळीची पेंड, किड्याला राख. दुसरं कायबी या रानात यायचं न्हाय.'

गोणी गेली चनबसप्पाच्या उसाला. बदल्यात उन्हाळाभर दर रविवारी अर्धा दिवस जास्तीचं पाणी तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मी युनियनतर्फे मालकांशी बोलायला बसलेला माणूस आहे. असला सौदा बघितला नाही!

३ मार्च, रविवार

वांग्याला फूल! जांभळं, खाली मान घातलेलं. दिवसात चार वेळा जाऊन बघून आलो. चौथ्या वेळी बजा तिथंच उभी. दोघंही उगाच हसलो.

५ मार्च, मंगळवार

गोठ्यात बसून लिहितो आहे. बजाला वाचता येत नाही, तरी लपून! बावन्न वर्षांचा माणूस – आणि ती खुरपं घेऊन वाफ्यात उतरली की छातीत कसंतरी होतं. कावीळ उलटली तर नसेल?

८ मार्च, शुक्रवार

काल होळी. पुरणपोळ्या. मला वाढून ती नेहमीसारखी चुलीपाशी उभी. म्हटलं, तूही घे की. आत्ता, माझ्याबरोबर.

'बया! लोक काय म्हनतील?'

कोण लोक? इथं तू, मी आणि दोन बैल.

'बैल बी बघत्यात की,' म्हणाली – पण बसली! समोरासमोर! तिला पोळी दुधात बुडवून आवडते, तुपाबरोबर नाही. हेही कालच कळलं. असं किती कळायचं राहिलंय!

आज धुळवड. मी चुलीतली राख तिच्या गालाला लावून पळालो. वाटलं सुटलो. तर गोठ्यामागून येऊन तिनं शेणानं भरलेला पंजा माझ्या पाठीवर उमटवला! सदरा धुवायला टाकलेला नाही. टाकणारही नाही इतक्यात.

१३ मार्च, बुधवार

आज दोघं सोलापूरला! एरवी आमची भाजी चनबसप्पाच्या मालाबरोबर जाते. या खेपेला त्याचा मुलगा आजारी, म्हणून बजा म्हणाली, चला की आपणच. दोन पाट्या – मेथी, चुका, आंबाडी आणि पहिली वांगी. कंडक्टर म्हणाला, पाट्या टपावर. बजा म्हणाली, 'माजी मेथी उन्हात? मग तुमी बसा टपावर, मी तिकिटं फाडते.' अख्खी गाडी हसली. पाट्या आत आल्या.

आंबाडी बाजारात पोचलीच नाही. विणकरांच्या तेलुगू बायकांनी वाटेतच उचलली, 'गोंगुरा, गोंगुरा' करत. एकीनं बजाचा हात धरून विचारलं, 'अक्का, पुन्हा कधी येनार?' बजाला कुणी असं विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

उरलेली भाजी बाजारातल्या एकानं सांगितलं म्हणून मुलींच्या एका वसतिगृहात नेली. तिथं सगळं बघणाऱ्या प्रभाताई – पांढरं पातळ, जाड चष्मा – त्यांनी मेथीचं पान चुरगळून वास घेतला, आणि बजाला आत बोलावलं. मी बाहेर पायरीवर रिकाम्या पाट्या घेऊन. तास झाला, दीड तास झाला! आतून नुसता पोरींच्या हसण्याचा आवाज. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा – कसा सांगू – नुकतं पाणी दिलेल्या वाफ्यासारखा. 'त्यांची सैपाकीन वांगी करपवती. मी करून दावली. चाळीस पोरी हाईत वो! ताटात कायबी ठेवलं न्हाय कुनी.'

मग हॉटेलात चहा. बशीत ओतून, फुंकून, सावकाश. गिरणीचं धुराडं दाखवलं, फाटक दाखवलं. माझी खोलीसुद्धा दाखवली – आठ माणसं, आठ वळकट्या, एक खिडकी. ती माझ्या वळकटीवर टेकली. 'हितं ऱ्हात व्हता व्हय तुमी,' एवढंच म्हणाली. मग ती उठून खिडकीशी गेली आणि खालचा रस्ता बघत राहिली – टांगे, सायकली, वह्या-पुस्तकं घेऊन कॉलेजला निघालेल्या दोन पोरी. एस.टी. चुकेल, असं मी दोनदा ओरडलो तेव्हा हलली.

१४ मार्च, गुरुवार

दिवसभर प्रश्न! भोंगा किती वाजता होतो? सुट्टीच्या दिवशी माणसं काय करतात? बागेत बसायला कुणाला विचारावं लागतं का? चिमणीसारखी टिवटिव. मी आपला सांगतोय, सांगतोय. माझ्या आयुष्यात तिला इतका रस! वांग्यांना राख टाकायची विसरलो.

१९ मार्च, मंगळवार

आज माझा दिवस!

काकडी आणि दोडक्याचे वेल आता जमिनीवर मावेनात. बांबू रोवून, सुतळी ताणून मांडव करायचा होता. बजाच्या गाठी सुटत होत्या, सुतळी झोल खात होती. म्हटलं, सर बाजूला. तीस वर्षं तुटलेले धागे जोडलेत या बोटांनी. साच्यावर धागा तुटला की डोळ्याची पापणी लवायच्या आत गाठ बसली पाहिजे, आणि कापडात ती हाताला लागता कामा नये! सुतळी म्हणजे तर दोरखंडच. सपासप, सपासप – दुपारपर्यंत मांडव उभा. ताणून बघितला तर तंबोऱ्यासारखा वाजला!

बजा एकेक गाठ ओढून बघत फिरली. एकही सुटेना. चनबसप्पा मुद्दाम बघायला आला, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, 'कुंडलिकराव, आमचा बी मांडव करून द्या की.' कुंडलिकराव! पावणं नाही!

संध्याकाळपर्यंत दोडक्याच्या एका वेलानं सुतळीला कोवळा वेढा घातलासुद्धा. बजा म्हणाली, 'बगा, त्याला तुमची गाठ पसंत पडली.' मी कुणासारखा दिसत असेन त्या वेळी, देव जाणे.

शिवाय डालड्याच्या रिकाम्या डब्यांत तुळशी, मोगरा, कढीपत्ता लावलाय. वसतिगृहातल्या पोरींना हवाय. डब्यांना भोकं मी पाडली. एकाला तळाऐवजी झाकणाला पाडलं. बजा हसली.

२४ मार्च, रविवार

पाडवा. कडुलिंबाला मोहोर, पहाटेपासून मधमाश्यांची गर्दी. गुढी उभारली. बजानं लिंबाचा मोहोर, गूळ, मिरी वाटून हातावर दिलं. मला तर गोडच लागलं!

तिनं आज नवं काढलंय – मला शिकवायचं! एकदम मास्तरीण. 'आंबाडी कवा टाकायची? भेंडीचं बी किती भिजवायचं? भोपळ्याचं बी कुठल्या फळाचं धरायचं – पैल्या का मधल्या?' चुकलं की पुन्हा. बियांची गाडगी एकेक उघडून, वास घेऊन, डोळे मिटून ओळखायला लावली. सातवी पास माणूस मी, पण अशी परीक्षा दिली नव्हती! धने ओळखले, मुळ्याचं चुकलं, माठाचं बरोबर. शेवटी म्हणाली, 'जमतंय की तुमाला. लई झ्याक जमतंय.'

मला इथंच राहायचंय. लिहून टाकलं! मनात आठ दिवस घोळत होतं. तिलाही तेच हवंय, नाहीतर एवढं कशाला शिकवील?

३ एप्रिल, बुधवार

बजा आज एकटी सोलापूरला गेली! 'तुमी रान बगा, मी भाजी आन डबे पोचवून येते.' दर बुधवारी भाजी हवी म्हणून प्रभाताईंनी सांगून ठेवलंय. मागच्या बुधवारी दोघं गेलो होतो, आज ती एकटी.

इकडं मी राजा! काकडी तोडली, माठ कापून जुड्या बांधल्या, एका बैलानं दावं तोडलं त्याला धरून आणलं. एकही गोष्ट चुकली नाही – आणि बघायला ती नाही! पाचच्या गाडीला अर्धा तास आधीच फाट्यावर जाऊन उभा. गाडी आली, ती नाही. सहाच्या गाडीनं उतरली, हातात रिकाम्या पाट्या, तोंडभर हसू. 'अवो, मी एकटीनं हाटिलात चा पिला! मालकानं बाकड्यावर बसा म्हनलं मला!' घरापर्यंत बोलत होती. पोरींनी मावशी म्हटलं, एकीनं तिच्या केसांना कसलंसं सुगंधी तेल लावून दिलं, दुसरीनं तिचं नाव कागदावर लिहून दिलं. तो कागद तिनं चोळीतून काढून मला दाखवला. बजाबाई. मी वाचून दाखवलं. 'एवढंसंच व्हय?' म्हणाली.

७ एप्रिल, रविवार

ऊन कडक झालंय. जास्तीचं पाणी आजपासून मिळायला लागलं. सगळी दारं मीच धरली. एकही फुटलं नाही. बजा सावलीत बसून बघत होती – पहिल्यांदाच बसलेली. मी मुद्दाम मिरवत होतो, हे कबूल.

११ एप्रिल, गुरुवार

सोडली! गिरणी सोडली! राजीनामा देऊन आलो!

हजेरीबाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, 'कुंडलिक, अजून सहा वर्षं होती की तुझी. आणि करणार काय?' म्हटलं, दोडके. त्यांना वाटलं मी काविळीनं खुळावलोय. साचेखात्यात सगळ्यांना भेटलो. आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं, सगळ्यांशी नुसत्या खुणा – मी जातो, घरी, कायमचा! माझ्या साच्यावर नवा माणूस होता. त्याच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर पडलो. खोलीतली वळकटी उचलली. रस्त्यावर एक उडी मारली. खरंच मारली! टांगेवाल्यानं बघितलं.

मोगऱ्याचा गजरा घेतला. आयुष्यात पहिला. एस.टी.त मांडीवर पानात बांधून धरला होता. शेजारच्या बाईनं विचारलं, लगीन हाय व्हय कुनाचं? म्हटलं, व्हय!

बजा परड्यात होती. सांगितलं. तिचे डोळे भरले आणि म्हणाली, 'बरं केलंसा. लई बरं केलंसा.' गजरा मी माळायला गेलो तर मान वाकवली तिनं! मला माळता येईना, तीनदा पडला. शेवटी दोघांनी मिळून माळला.

तीस वर्षं कापड विणलं आणि कुणाच्या अंगावर गेलं ते कधी दिसलं नाही. उद्यापासून जे उगवेल ते डोळ्यांसमोर. बजासमोर. देवा, एवढं सुख बावन्नाव्या वर्षासाठी राखून ठेवलं होतंस!

१४ एप्रिल, रविवार

बजा उद्या जाते आहे. सोलापूरला. वसतिगृहात स्वयंपाकाला, तिथंच राहायला. महिन्यातून दोनदा येईल.

प्रभाताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. हिनं पाडव्यानंतर हो म्हणून सांगितलं. 'तुमी गिरनीत माघारी जात न्हाई, हे मला तुमच्या आधी कळलं. मग रान शिकवलं तुमाला.'

म्हटलं, अगं, मी तर तुझ्यासाठी सोडून आलो.

'म्हाईत हाय. तुमी लई ग्वाड हायसा. पर मी हितं आवडतं म्हून ऱ्हायले न्हवते वो. दुसरीकडं जायाला वाटच न्हवती म्हून ऱ्हायले.' मग म्हणाली, 'आता चाळीस पोरी हाईत. मला नाव लिवायला शिकवनार हाईत.'

आत लुगड्यांच्या घड्या घालते आहे. सकाळी सातची गाडी. मी 'व्हय, जा' म्हणालो. मग लक्षात आलं – तिनं विचारलंच नव्हतं.